बारावा बिल्ला

१

खेळ ही गोष्ट जळगावकरांच्या डोक्यावरून जाते, हे माझं मत मी अकरा वर्षं बाळगून आहे आणि हल्ली दर मे महिन्यात ते आणखी पक्कं होतं. पुण्यात मी चार वर्षं काढली. तिथली माणसं पटावर बसली की तीन-तीन तास तोंडातून शब्द काढत नाहीत. आमच्याकडे सोंगटी हलवण्याआधी चहा लागतो, हलवल्यावर भजी लागतात, आणि हरलेला माणूस ढेकर देऊन सांगतो, "जाऊ द्या सर, टाइमपास तं होता."

तरी मी जातो. स्टेशनरीवाला नवीन आणि त्याची बायको ऋतिका यांनी 'खान्देश पटखेळ संमेलन' नावाचं हे प्रकरण काढलं, त्याचं यंदा तिसरं वर्ष. लग्नाची तीथ नसलेला शनिवार-रविवार गाठायचा, मेहरूणचं एक मंगल कार्यालय घ्यायचं, सतरंज्या अंथरायच्या आणि बाहेर फ्लेक्स लावायचा. आत येणाऱ्यांपैकी निम्मे वरण-बट्टीच्या वासाने येतात. उरलेल्यांतले निम्मे ल्युडो खेळतात आणि स्वतःला खेळाडू समजतात.

माझा खेळ वेगळा आहे. पिंप्राळ्याला माझे गणिताचे क्लासेस आहेत, त्यामुळे डोकं वापरण्याची मला सवय आहे, आणि डोकं वापरावं लागेल असा खेळ मी स्वतः बसवला आहे. नाव 'गावचोरी'. बारा माणसं गोल बसतात. बारा चिठ्ठ्या वाटल्या जातात, त्यांतल्या दोन चोरांच्या. मी म्हणतो, "गाव झोपलं." सगळे डोळे मिटतात आणि मांड्यांवर हात थापटत राहतात, म्हणजे कोण हललं ते ऐकू येत नाही. मी म्हणतो, "चोर उठले." फक्त दोन चोर डोळे उघडतात आणि न बोलता एकाकडे बोट दाखवतात. मग मी गाव जागं करतो आणि चोरांनी कोणाला उचललं ते जाहीर करतो. तो माणूस खेळातून बाहेर. पुढे गाव भांडतं आणि संशयावरून आणखी एकाला काढतं. पुन्हा गाव झोपतं. सगळ्या खेळात डोळे उघडे असलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. हा खेळ मला का आवडतो ते यावरून कळेल.

त्या शनिवारी बारांपैकी एक दातांचे डॉक्टर आयत्या वेळी फिरले. त्यांना पाहुणे आले होते. दात उपटणाऱ्याकडून याहून जास्त अपेक्षा मी केलीच नव्हती. जागा भरायला मी नूतनला घेतलं. नूतन माझी बायको. एकोणीस वर्षांत तिने मला एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही पटावर बसून नेमकं काय खेळता.

"मला जमेल का पण?" स्कूटरवर मागे बसताना ती म्हणाली.

"न जमायला काय झालं? गप्प बसायचं आणि डोळे मिटायचे. घरी दुसरं काय करतेस?"

ती हसली. निदान मला तरी हसल्यासारखं वाटलं. स्कूटर चालवताना मागच्या माणसाचं तोंड दिसत नाही.

२

खेळात मी कोणाचं नाव वापरत नाही. लाल प्लॅस्टिकचे बारा बिल्ले आहेत, एक ते बारा आकड्यांचे. तीन नंबर, तुम्ही बोला. आठ नंबर, तुम्ही बसा. नावं लक्षात ठेवायला ती माणसं लक्षात ठेवण्यासारखी असावी लागतात.

बिल्ले वाटायला तोताराम आबा पुढे सरसावले. रावेरकडचे केळीवाले. नात डिंपल इथे कॉलेजात शिकते, तिने त्यांना धरून आणलं होतं. मोकळं बसणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी पिशवी हातात घेतली आणि पहिल्याच खुर्चीवर बसलेल्या नूतनकडे हात करून म्हणाले, "लाभ."

"आबा," मी म्हणालो, "लाभ हा आकडा कोणत्या शाळेत शिकवतात?"

दोघे-तिघे हसले. माझ्या क्लासमध्येही असेच हसतात.

"पह्यल्याले एक म्हनत नाही, सर. लाभ, दोन, तीन, असं मोजतो आम्ही. बरकत राहते."

"इथे केळीचे घड नाहीत. एकपासून मोजा."

आबांचं तोंड उतरलं. पन्नास वर्षं घड मोजलेल्या माणसाला मी सगळ्यांदेखत मोजायला शिकवत होतो, हे मला कळत होतं आणि मजाही येत होती. पण म्हातारा हट्टी. पुढे गेलेला हात त्यांनी मागे आणलाच नाही. नूतनला ओलांडून शेजारच्या डिंपलला बिल्ला दिला आणि मोठ्याने म्हणाले, "एक." तिथून दोन, तीन, चार. सहा नंबर स्वतःच्या खिशाला लावला. असं करत गोल फिरून नूतनच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीपाशी आले. "बारा. झाले सर तुमचे बारा."

पिशवी रिकामी होती. मी वहीत खूण केली.

"अहो," नूतन म्हणाली, "मला बिल्ला नाही आला."

यादीत नावं बारा होती, नूतनचं धरून. बिल्ले बारा, तेही संपले होते. म्हणजे कोणीतरी न सांगता येऊन बसलं होतं, आणि हे आमच्याकडे नवीन नाही. आमच्या लोकांना रिकामी खुर्ची दिसली की बसावंसं वाटतं. मी खुर्च्या मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या, बारा. दोन मोठे कूलर घरघरत होते, बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, आणि कॅरमवाल्यांचा गलका. अशात आर्यभट्टही चुकला असता.

बारा नंबरवर एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, जशा उन्हातून आलेल्या बायका ओढतात. तिला उठवायचं तर आधी तिचं नाव विचारावं लागलं असतं. मग एकेकाचं विचारावं लागलं असतं, कारण यादीतलं कोणतं नाव कोणत्या तोंडाचं हे मला माहीत नव्हतं. बाराजणांसमोर हे कबूल करणं माझ्याच्याने होईना.

"बस तशीच," मी नूतनला म्हणालो.

चिठ्ठ्यांचा डबा फिरला. नूतनपर्यंत आला तेव्हा तोही रिकामा होता. तिने तो उलटा करून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघत होतो.

३

"गाव झोपलं."

सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या आणि मांड्या थापटायला सुरुवात केली. हा आवाज मला फार आवडतो. एवढी बडबडी माणसं, माझ्या एका शब्दावर आंधळी होऊन बसतात.

"चोर उठले."

डिंपलने मान वर केली. पलीकडे नऊ नंबरने केली. तो लखन, नाव मला नंतर कळलं, बँकेत असतो, लग्नाळू आहे. म्हणजे दोन चोर हेच. दोघांनी एकमेकांकडे पाहून सात नंबरकडे बोट दाखवलं. मी मान हलवली आणि तेवढ्यात मला दिसलं की वर झालेली तोंडं तीन आहेत.

बारा नंबरचं तोंड वर होतं. ती चोरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

आता इथे मी थांबतो, कारण त्या तोंडाबद्दल मला नीट सांगता येत नाही. त्यात भयंकर असं काही नव्हतं. नाक, डोळे, कपाळ, सगळं जागच्या जागी. फक्त ते अजून कोणाचं झालेलं नव्हतं. याहून चांगलं मला सांगता येत नाही, आणि गणिताच्या माणसाने असली वाक्यं बोलू नयेत हेही मला कळतं. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे क्षणभर सगळं सपाट होतं, तसंच काहीतरी झालं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. मग तिने मांडीवरचा हात थापटायचा थांबवला आणि एक बोट बाजूला केलं. नूतनकडे.

नूतन डोळे घट्ट मिटून बसली होती. शाळेतल्या मुलीसारखी, अगदी मनापासून. मांड्या थापटत होती. तिच्या छातीवर बिल्ला नव्हता आणि हातात चिठ्ठी नव्हती. ती तिथे होती म्हणून माझा हिशेब तेरावर जात होता. ती गेली की बारा.

"गाव जागं झालं," मी म्हणालो. "आज रात्री चोरांनी उचललं," आणि नूतनकडे हात केला, "हिला."

डिंपल आणि लखनने चमकून माझ्याकडे पाहिलं. पण तोंड उघडलं असतं तर चोर म्हणून पकडले गेले असते, म्हणून गप्प बसले. नियम कामाला येतात ते असे.

"इतक्यात?" नूतन म्हणाली. तिचा आवाज पडला होता. खेळ तिला आवडायला लागला होता की काय कोण जाणे.

"वधूपक्षाच्या खोलीत जाऊन बस. खेळ संपेपर्यंत बाहेर यायचं नाही."

मंगल कार्यालयाला दोन खोल्या असतात, एक वरपक्षाची आणि एक वधूपक्षाची. वरपक्षाच्या खोलीत आचाऱ्याने कांदे ठेवले होते. नूतन उठली, बोळात वळली. खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. मी खुर्च्या मोजल्या नाहीत. आता बरोबरच असणार होत्या.

४

मग गावाने भांडून तोताराम आबांना काढलं. केळीवाला माणूस भावात लबाडी करतो म्हणजे खेळातही करणार, हा त्यामागचा विचार. आबा बडबडत खोलीकडे गेले. त्यांच्यानंतर बाद झालेले मात्र नियम धाब्यावर बसवून कॅरमवाल्यांत जाऊन बसले. बारा नंबरच्या बाईवर कोणीच संशय घेतला नाही. तिचं नावही कोणी काढलं नाही, आणि तीही काही बोलली नाही. पण प्रत्येक वेळी गाव झोपलं की मी तिच्याकडे पाहायचं टाळत होतो. मी गाव जागं केलं की सगळ्यांचं थापटणं थांबायचं, तिचं दोन ठोके उशिरा.

एक वाजता जेवणासाठी खेळ थांबवला. लताबाई वाढत होत्या. त्या धुळ्याकडच्या, नवीनच्या ओळखीच्या. माझ्या पानावर बट्टी कुस्करून वरून तूप सोडताना म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठा जेवी ग्यात. तुमनी घरवाली दिखनी नही."

"बाकीचे जेवले तर जेवू द्या. नूतनला भूक लागली की येईल ती."

"बलाई लया ना भाऊ. बट्टी गार व्हई जाई."

बोलावून आणायला मी काही उठणार नव्हतो. एवढ्यात आबा समोर येऊन बसले. "आबा," मी म्हणालो, "नूतनला जेवायला या म्हणाला नाहीत का?"

"कोनाले?"

"माझ्या मिसेसना. तुमच्याबरोबर खोलीत आहेत त्या."

आबांनी घास खाली ठेवला. "त्या खोलीत मी एकटाच व्हतो, सर. घंटाभर झाला. दुसरं कोनी नव्हतं."

मी चिडलो. हे लिहून ठेवतो, कारण त्या वेळी मला फक्त राग आला होता, दुसरं काही नाही. पहिल्याच फेरीत बाद झाली म्हणून रुसून रिक्षाने घरी गेली असणार. मी हात न धुताच बोळात गेलो. खोलीत दोन गाद्या, एक उघडं कपाट, भिंतीवर मोठा आरसा. आरशाच्या कडेला आजवर इथे सजलेल्या नवऱ्या मुलींच्या टिकल्या चिकटवलेल्या, शंभर तरी असतील. खिडकीला गज. न्हाणीघराला बाहेरून कडी. दार एकच, आणि ते हॉलसमोरून जाणाऱ्या बोळात उघडतं. बोळाच्या तोंडाशी सकाळपासून मीच बसलो होतो.

मी तिला फोन लावला. माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत तो वाजला. सकाळी तिने पर्स माझ्याकडे दिली होती.

५

हॉलमध्ये परत आलो तेव्हा गोल पुन्हा बसला होता. नूतन तिथे होती.

बाराव्या खुर्चीवर बसली होती ती. पदर डोक्यावरून खाली घेतलेला, छातीवर लाल बिल्ला. डिंपलशी काहीतरी बोलून हसत होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मी जागीच उभा राहिलो. त्या पदराचा रंग मी पाहिला, आणि सकाळी नूतनने कोणत्या रंगाची साडी नेसली होती ते आठवायला लागलो. आठवेना. हिरवी असेल किंवा जांभळी. तिच्या सगळ्या साड्या मला एकसारख्याच वाटतात.

"कुठे होतीस?"

"इथेच," ती म्हणाली. "तुम्हीच बसवलंत ना." आवाज नूतनचाच होता.

"खोलीत गेली होतीस."

"काकू?" डिंपल म्हणाली. "नाही हो सर. काकू सुरुवातीपासून इथेच बसल्यात. बारा नंबर. तुम्ही पहिल्या फेरीत या रिकाम्या खुर्चीकडे हात दाखवलात ना, तेव्हा आम्ही सगळेच चक्रावलो. आम्हाला वाटलं, असा पण काही नियम असेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ही चेष्टा आहे, हे मी ताबडतोब ताडलं. सकाळी आबांना हसलो त्याची ही परतफेड. आबांनी नातीला शिकवलं, नातीने बाकीच्यांना, आणि नूतनलाही सामील करून घेतलं. एवढं सुचण्याइतकी अक्कल या लोकांना असेल असं वाटलं नव्हतं, पण चेष्टेला अक्कल कुठे लागते? मी खेळ पुढे नेला. चारच्या सुमाराला नूतन जिंकली. एकोणीस वर्षांत शब्दकोड्यातला एक शब्द जिला कधी सुटला नाही, तिने दोन्ही चोर ओळखले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऋतिकाने मला सांगितलं, "सर, वहिनींना उद्यापण आणा हं."

घरी जाताना ती मागे बसली. स्कूटर तितकीच दबली जितकी नेहमी दबते. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, नेहमी असतो तिथे. मी आरसा जरासा वाकडा केला. त्यात तिची हनुवटी दिसली आणि मागे पिंप्राळ्याचं फाटक. हनुवटी ओळखीची होती. पण नूतनची म्हणून ओळखीची की मघापासून बघतोय म्हणून, ते मला सांगता येईना.

६

मी शिक्षक आहे. शंका आली तर परीक्षा घ्यायची, इतकं साधं आहे ते.

तिने चहा केला. साखर अर्धा चमचा, आलं किसून, कप कानाच्या बाजूने माझ्याकडे वळवून. सगळं बरोबर. उशीखालचा माझा रुमाल बदलला होता. रक्तदाबाची गोळी वाटीत काढून ठेवली होती. माझ्याबद्दल तिला जे माहीत असायला हवं ते सगळं तिला माहीत होतं, आणि याने काहीच सिद्ध होत नव्हतं. मला असा प्रश्न हवा होता ज्याचं उत्तर फक्त नूतनला ठाऊक असेल. आणि तपासायचं म्हणजे ते मलाही ठाऊक हवं.

मी बसून विचार केला. तिला काय आवडतं खायला? मला जे आवडतं ते. म्हणजे घरात तेच होतं. तिची मैत्रीण कोण? एक होती, तिच्या मुलाचं लग्न होतं, मी गेलो नव्हतो. तिला कशाची भीती वाटते? दोन वर्षांपूर्वी एकदा ती स्वयंपाकघरात रडत होती. मी पाणी प्यायला गेलो होतो. पाणी पिऊन परत आलो.

"तू साक्रीला शाळेत होतीस तेव्हा," मी म्हणालो, "तुझ्या शेजारी बाकावर कोण बसायचं?"

ती कपडे घड्या करत होती. हात न थांबवता म्हणाली, "रोशनी. का हो?"

रोशनी असेल. नसेलही. "आणि तुला काय व्हायचं होतं तेव्हा?"

आता तिने वर पाहिलं. "आज काय एकदम?"

"सांग ना."

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच वाट बघत होती, हातात माझा शर्ट धरून. मी पंखा वाढवायला उठलो, तेव्हा तिने घडी पूर्ण केली.

तिच्या भावाला, हिलालला, फोन लावावा असं मनात आलं. नंबरही काढला. पण विचारणार काय? तुमच्या बहिणीची खूण सांगा? तिला लहानपणी काय म्हणायचे? एकोणीस वर्षांनंतर हा प्रश्न जावयाने विचारायचा? आणि तो हिलाल म्हणजे साक्रीच्या बाजारात कांदे विकणारा माणूस, त्याने हे गावभर केलं असतं. मी फोन ठेवून दिला. माझी बायको समोर बसली आहे, असं मी ठरवलं. ठरवलं की गोष्टी बहुतेक तशाच असतात. त्या रात्री उकाड्याचं कारण सांगून मी बाहेरच्या खोलीत झोपलो.

७

रविवारी ती माझ्याआधी तयार झाली. मंगल कार्यालयाच्या दारात ऋतिकाने तिला मिठी मारली, डिंपल धावत आली. कालपर्यंत या माणसांना नूतनचं नाव माहीत नव्हतं. मी चपला काढत होतो तेव्हा तोताराम आबांनी मला कोपराला धरून बाजूला घेतलं.

"सर, रागावू नका. कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुमाले नाही सांगितली तं झोप येनार नाही मले."

"चेष्टेबद्दल असेल तर राहू द्या. मी विसरलो."

"कोनती चेष्टा?" आबा खरोखर गोंधळले. "मी काल त्या खोलीत बसलो व्हतो ना, तं कोनाची तरी बाई हाक मारे. भिंतीच्या आडून. अहो, अहो, अहो. असं बराच वेळ."

"बराच म्हणजे?"

"मी जेवाले उठलो तवर. पन अहो म्हन्ते म्हंजे कोनाच्या तरी घरचं मानूस हाये. ज्याची त्यानं ओ द्यावी. दुसऱ्याच्या बायकोले आपन कशी ओ द्यायची? म्हनून मी गप बसलो." ते माझ्याकडे बघत राहिले. "नाव घेतलं असतं तं तुमाले सांगितलं असतं."

मी त्यांना म्हणालो की मागच्या गल्लीत धुणी धुणाऱ्या बायका असतात. त्या खोलीमागे गल्ली नाही, कार्यालयाचीच जाड भिंत आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आबांनी मान डोलावली. म्हातारा माझ्याहून सभ्य निघाला.

सकाळभर मी बोळाकडे पाठ करून बसलो. 'गावचोरी' मी त्या दिवशी लावलाच नाही. दोन डाव बुद्धिबळाचे खेळलो, एका बारावीच्या पोरीकडून हरलो आणि घोड्याच्या एका चुकलेल्या चालीला दोष दिला. एक वाजता लताबाईंनी पानं मांडायला घेतली, तेव्हा मी उठलो आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. काही नाही हे एकदा बघायचं आणि मोकळं व्हायचं, एवढाच हेतू होता.

खोली कालच्यासारखीच होती. गाद्या, कपाट, आरसा. वीज गेली आणि हॉलमधले कूलर बंद पडले. सगळीकडे एकदम शांत झालं. त्या शांततेत मी आरशाजवळ उभा होतो. टिकल्यांच्या मधे मीच दिसत होतो, घामेजलेला.

"अहो."

हाक मोठी नव्हती. चहा टाकू का, हे विचारण्याआधी मारतात तेवढीच. आरशाच्या मागून आली. घसा बसलेला होता.

तिने दुसऱ्यांदा हाक मारली. ती नूतन होती. मला खात्री वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बायकोबद्दल काहीतरी खात्रीने माहीत होतं. मी हात भिंतीला लावला. भिंत गार होती. पलीकडून कोणीतरी तिथेच हात ठेवला असावा असं मला वाटलं, पण जाणवलं काहीच नाही. "नूतन," असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"अहो," हॉलमधून हाक आली. "पान वाढलंय."

तोच आवाज. उतार तोच, 'हो'वर जरासं रेंगाळणंही तेच. फक्त घसा बसलेला नव्हता. मघाची खात्री मी शोधायला गेलो तर ती नव्हती. दोन आवाज होते, एक दमलेला आणि एक ताजा, आणि मी रोज वीस वेळा ऐकतो तो आवाज यांतला कोणता, हे मला कळत नव्हतं. मी तो कधी ऐकलाच नव्हता. हाक आली की ओ द्यायची, एवढंच मी करत आलो होतो.

भिंतीमागे शांत झालं. हॉलमधला आवाज तिनेही ऐकला असावा. मग फार हळू, अवघडून, पाय पोळणाऱ्या फरशीवर ठेवावा तसं, तिने म्हटलं, "चंदन."

माझं नाव. एकोणीस वर्षांत नूतनने ते कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं म्हणतात, पण तेव्हा मी मित्रांशी बोलत होतो. जीव जात असेल तरच ती नवऱ्याला नावाने हाक मारेल. किंवा जिला हे ठाऊकच नाही ती मारेल. नूतनच्या तोंडी माझं नाव कसं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं.

"चंदन. अहो. चंदन."

"अहो," हॉलमधून ती म्हणाली. "गार होतंय."

तिथे माणसं होती, ऊन होतं, माझं पान होतं. तिथली मला चहा बरोबर देत होती.

"आलो," मी म्हणालो.

भिंतीमागे कोणीतरी रडता रडता सुटकेचा श्वास सोडला. तिला वाटलं, मी तिलाच ओ दिली. मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि जेवायला गेलो.